जळगावहून न्यूयॉर्क: हवाई अंतर, विमानाचा खरा वेळ आणि घरून निघायची वेळ

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. आई-वडील फेब्रुवारीत अमळनेरहून न्यू जर्सीला बहिणीकडे निघणार, मे महिन्यात परत. वय ६४ आणि ६८. मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ, मध्ये थांबा नाही, असं तिकीट बघितलंय. अजून पैसे भरलेले नाहीत, कारण आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

एका साइटवर मुंबई-न्यूयॉर्क अंतर १२,५३२, दुसरीवर ७,७८७, तिसरीवर ६,७६७. वेळ मात्र सगळीकडे साडेचौदा तासांच्या आसपास. तिकिटावर जातानाचं विमान १३ फेब्रुवारीला ०१:३० ला सुटून त्याच दिवशी ०७:०० ला पोचतं, म्हणजे घड्याळाप्रमाणे साडेपाच तास! येताना सकाळी ११:०० ला सुटून दुसऱ्या दिवशी १०:४५ ला मुंबई, म्हणजे पावणेचोवीस तास. खरं काय धरायचं?

एजंट म्हणतो आखातातून जा, स्वस्त पडेल, एकूण २२ तास. वाट वाकडी करून किती लांब पडतं? आणि जळगावहून मुंबईचं विमान घ्यावं, की रेल्वे, की गाडी? घरून कधी निघायचं ते पक्कं सांगा.

हतनूर

आधी अंतराचा घोळ मिटवू. तिन्ही साइट बरोबर आहेत, एकक वेगळं आहे. १२,५३२ हे किलोमीटर, ७,७८७ हे आपले रस्त्यावरचे मैल, आणि ६,७६७ हे सागरी मैल, जे वैमानिक वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एखाद्या साइटवर १२,५५० च्या आसपास दिसलं तरी घाबरू नका. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांशी जराशी चपटी धरतं, तेवढ्याने पाच-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे होतात.

स्वतः करून बघायचं असेल तर दहावीनंतरचं त्रिकोणमिती पुरतं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशातला फरक १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशफरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६ येते. तिचा व्यस्त कोसाइन ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा एक अंश १११.१९५ किलोमीटरचा, म्हणून गुणाकार १२,५३२.

चूक दोन जागी होते. एक्सेलला अंश कळत नाहीत, त्याला रेडियन लागतात. आधी रूपांतर केलं नाही तर उत्तर काहीही येतं. दुसरी चूक जास्त मजेदार. पश्चिम रेखांश उणे लिहायचा असतो. तो उणे विसरलात तर मुंबई आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच रेखांशावर येतात आणि अंतर २,४०० किलोमीटर निघतं. त्या जागी किर्गिझस्तान आहे, तिथे आपली बहीण नाही.

हे जे अंतर आहे ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेच्या दिशेने विमान खरंच नेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग रशियात शिरून सेंट पीटर्सबर्गच्या थोडं दक्षिणेने फिनलंड, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळून समुद्रावर, आइसलँडला रेक्याविकवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर येतो.

बोरीकाठ

समजलं. म्हणजे जळगावहून धरलं तर यात मुंबईपर्यंतचे साडेतीनशे किलोमीटर आणखी मिळवायचे ना? आपण पूर्वेला, अमेरिका पश्चिमेला.

हतनूर

नाही भाऊ, उलटं आहे. जळगाव विमानतळ २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व. हेच गणित लावा, जळगाव ते जेएफके १२,४७० किलोमीटर येतं. म्हणजे मुंबईपेक्षा न्यूयॉर्क आपल्याला ६२ किलोमीटर जवळ!

कारण दोऱ्यातच आहे. मुंबईहून न्यूयॉर्कची दिशा पश्चिम नाही. ती उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेकडे झुकलेली आहे, होकायंत्रावर ३३३. जळगाव मुंबईच्या ईशान्येला, हवाई अंतर ३५६ किलोमीटर. ईशान्येला सरकताना आपण पूर्वेला जातो तसे उत्तरेलाही जातो, आणि या प्रवासात उत्तरेचं पारडं जड आहे. तेव्हा जळगावकर मुंबईला जातो तो अंतर कमी करायला जात नाही, विमान तिथून सुटतं म्हणून जातो.

नेवार्कला उतरलं तर काय, असं कोणीतरी विचारेलच. मुंबई ते नेवार्क १२,५४६, म्हणजे हवेत जेएफकेपेक्षा १४ किलोमीटर जास्त, काहीच नाही. जमिनीवर मात्र जेएफके एका टोकाला, नेवार्क न्यू जर्सीत, मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर. रस्त्याने पन्नासेक किलोमीटर आणि गर्दीच्या वेळी दीड-दोन तास. बहीण न्यू जर्सीत असेल तर दोन तिकिटांच्या दरात थोडाच फरक असताना नेवार्कचं घ्या.

रावेर_केळीपट्टा

आता वेळ. साइट जो साडेचौदा तास दाखवतात तो कसा येतो ते बघा: १२,५३२ भागिले ९०० म्हणजे १३ तास ५५ मिनिटं, वर चढ-उताराचा अर्धा तास. बस. त्यात वारा नाही, वळसा नाही, धावपट्टीची रांग नाही. आणि जाताना-येताना एकच उत्तर. त्यावर प्रवास ठरवू नका.

तिकिटावरच्या वेळा दोन्ही गावांच्या स्थानिक घड्याळाच्या असतात. फेब्रुवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. साडेपाच अधिक साडेदहा, सोळा तास. मे महिन्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, म्हणून फरक साडेनऊ तास. येतानाचे पावणेचोवीस उणे साडेनऊ, सव्वाचौदा तास. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. या दोन तारखांच्या आजूबाजूचं तिकीट असेल तर वेळापत्रकातली एक तासाची उडी ही चूक नसते. तिकडून घ्यायला येणाऱ्याला वेळ सांगताना नेहमी "तुमच्या घड्याळाप्रमाणे" असं म्हणा.

जाताना १६ आणि येताना सव्वाचौदा, हे पावणेदोन तास कुठे जातात? बहुतेक जण सांगतात पृथ्वी फिरते म्हणून. तसं नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, तापीकाठी पतंग उडवताना पृथ्वी खालून निसटत नाही. कारण वारा. आपल्या नि ध्रुवाच्या मधल्या पट्ट्यात, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातात. नेमकी हीच विमानांची उंची. संपूर्ण वाटेवर वारा तेवढा नसतो, काही ठिकाणी तो आडवाही येतो, म्हणून सरासरी ताशी ६० किलोमीटर धरून हिशोब करा.

जाताना: वळशासकट वाट १३,१३० किलोमीटर, जमिनीच्या मानाने वेग ९०० उणे ६० म्हणजे ८४०. १५ तास ३८ मिनिटं. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांग आणि उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, मिळून ३०-३५ मिनिटं. सव्वासोळा तास.

येताना: १३,१०० भागिले ९६०, १३ तास ३९ मिनिटं, वर तीच ३५ मिनिटं. सव्वाचौदा.

तिकिटाशी जुळलं. तिकिटावरची वेळ हवेतली नसते, विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडच्या गेटला थांबेपर्यंतची असते. कंपन्या तिला ब्लॉक टाइम म्हणतात आणि त्यात थोडी ढील आधीच धरलेली असते. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं. सीटसमोरच्या पडद्यावर जो वेग दिसतो तो जमिनीच्या मानाने असतो. जाताना ८२० आणि येताना १,०५० दिसला तर यंत्र बिघडलेलं नाही, आत बसल्यावर दोन्ही सारखंच वाटतं.

वळसा का, तेही सांगतो, कारण या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडलाय. हतनूरभाऊंनी दोऱ्याची जी वाट सांगितली ती कागदावर ठीक, प्रत्यक्षात आज कोणाला मिळते ते बघा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. २०१९ मध्येही २७ फेब्रुवारी ते १६ जुलै असंच झालं होतं. रशियाची हद्द २०२२ पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद. म्हणजे भारतीय कंपनीला सुरुवातीलाच भिंत, अमेरिकन कंपनीला मध्ये भिंत. मग वाट अशी: मुंबईहून अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने, आखात, तुर्कस्तान, युरोप आणि अटलांटिक. त्याने मुंबईकरांना ४०० ते ८०० किलोमीटर वाढतात. दिल्लीवाल्यांचे हाल जास्त, त्यांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. एप्रिल २०२५ नंतर उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली ती यामुळेच. जून २०२५ मध्ये इराण-इराकवरची हद्द काही दिवस बंद झाली तेव्हा आखाताकडची वाटही अडली होती.

तेव्हा तिकीट घेताना "थांबा नाही" एवढ्यावर जाऊ नका. तपशिलात "तांत्रिक थांबा" लिहिलंय का ते पाहा. तांत्रिक थांब्यात प्रवाशाला उतरवत नाहीत, पण दीड-दोन तास खुर्चीत जास्त बसावं लागतं. ६८ वर्षांच्या माणसाला ते आधी माहीत असलेलं बरं.

अटलांटिकवर तर वाटा रोज नव्या आखतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी वारा टाळणाऱ्या, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वारा पकडणाऱ्या. म्हणून त्याच विमानाचा आजचा नकाशा नि उद्याचा नकाशा एक नसतो. तिकिटाच्या आधी मागच्या पंधरा दिवसांत ते विमान खरंच किती वेळात गेलं ते विमान-मागोवा दाखवणाऱ्या साइटवर क्रमांक टाकून बघा. सरासरी काढू नका, सगळ्यात जास्त लागलेला वेळ लिहून ठेवा.

बोरीकाठ

आते समजनं भाऊ. मग आखातातून जाण्यात अंतर किती वाढतं?

रावेर_केळीपट्टा

अंतर जवळजवळ नाहीच. मुंबई-दुबई १,९२६, दुबई-जेएफके सुमारे ११,०००. बेरीज १२,९३०, म्हणजे ४०० किलोमीटर जास्त, अर्ध्या तासाची बात. लंडनवरून तर ७,२१३ अधिक ५,५४०, बेरीज १२,७५३, फक्त २२० जास्त. त्यातही थेट विमान आज तसाही वळसा घेतंच, म्हणजे फरक आणखी कमी.

वेळ जातो तो मधल्या थांब्यात. विमान खाली आणायला, गेटला लावायला, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग, पुन्हा चढायला. दोन तासांचा थांबा असला तर पहिलं विमान तासभर उशिरा येताच दुसरं हुकू शकतं. सहा तासांचा असला तर म्हातारी माणसं थकतात. तीन ते चार तास हा बरा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवेत. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं कंपनीच्या अंगावर, सामानही थेट न्यूयॉर्कला. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, त्यात हुकलेलं विमान तुमच्या खिशातून जातं.

अबुधाबीवरून जाणार असाल तर एक फायदा आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, न्यूयॉर्कला उतरल्यावर थेट सामान घ्यायचं. इंग्रजीची अडचण असेल तर दमलेल्या अवस्थेत जेएफकेच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे सोपं जातं. पण तपासणीला वेळ लागतो, तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका.

माझं मत विचाराल तर या वयात थेट विमान आणि व्हीलचेअर. व्हीलचेअर तिकीट घेतानाच नोंदवा, विमानतळावर ऐनवेळी मागितली की वाट बघावी लागते. चालता येत असलं तरी घ्या, यात लाज नाही, मुंबईच्या टी-२ वर (टर्मिनल २, परदेशी विमानं सुटतात ते) गेटपर्यंतचं चालणंच दमवतं. सीट मधल्या वाटेची, दर दोन तासांनी उठून चार पावलं.

भुसावळ_जंक्शन

हवेतलं झालं, आता जमिनीवरचं, जिथे खरा घोटाळा होतो.

सगळ्यात आधी तारीख. १३ फेब्रुवारी ०१:३० म्हणजे १२ तारखेची रात्र. १३ ला सकाळी अमळनेरहून निघालात तर विमान आठ तास आधीच गेलेलं असेल. आपल्याकडे रात्र सकाळपर्यंत त्याच दिवसाची मानतात, विमान कंपन्या मानत नाहीत. कॅलेंडरवर १२ वर गोल करा, १३ वर नको.

आता उलटं मोजत या. काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, काही ठिकाणी सव्वा तास. अमेरिकेच्या विमानाला तपासणी जास्त, त्यामुळे टी-२ वर ०९:३० ते १०:०० रात्री पोचलेलंच बरं. त्याआधी मुंबईतला रस्ता आणि गाडीचा उशीर धरायचा.

जळगाव-मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर, साडेसहा ते आठ तास. त्या दिवशी दुपारी पोचणारी गाडी घ्या, संध्याकाळी पोचणारी नको. नागपूरहून आदल्या रात्री निघणारी सेवाग्राम जळगावला पहाटे येते आणि दुपारपर्यंत मुंबईत असते. वेळ रेल्वेच्या ॲपवर पुन्हा बघा, दरवर्षी पाच-दहा मिनिटं बदलते. फेब्रुवारीत एक गोष्ट विशेष सांभाळा: उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या नकोत. पंजाब, उत्तर प्रदेश, बिहारमधलं धुकं त्यांना आपल्याकडे पोचेपर्यंत दोन-चार तास मागे टाकतं. भुसावळला ऊन असतं आणि फलाटावर लोक धुक्याला शिव्या देतात. नागपूर, अमरावती, गोंदियाहून निघणारी गाडी धरा.

उतरायचं कुठे? थेट सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी. कुर्ला टर्मिनसला येणारी गाडी असेल तर ते टी-२ ला जवळ. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, तिचं स्टेशन सीएसएमटीला आहे आणि टी-२ लाही. एकट्या तरुणाला, एका बॅगेसह, उत्तम. २३ किलोच्या चार बॅगा आणि दोन वयस्कर माणसं असतील तर नको, टॅक्सीचे पैसे वाचवून कंबर जायची.

पण तुम्ही अमळनेरचे. तुम्हाला जळगावला उलटं येण्यापेक्षा गाडीने धुळ्यावरून जाणं सरळ पडतं. अमळनेर-धुळे तासाभरात, धुळे ते मुंबई सुमारे ३२० किलोमीटर. लळिंग, चांदवड, नाशिक. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढा. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ ला खुला झाला, बोगद्यातून जातो आणि कसारा घाट टळतो. आमण्याला उतरलात की मात्र भिवंडी समोर उभी आहे. संध्याकाळी पाच ते नऊ अवजड गाड्यांची रांग, तिथे एक तासही जातो, दोनही जातात. म्हणून सकाळी १० ला घर सोडा, जेवण नाशिकला, साडेचार-पाचच्या आत भिवंडी पार. मग टी-२ च्या आसपास कुठेतरी चार तास आराम. ते चार तास वाया गेले असं समजू नका, ते उशिरासाठीच ठेवलेले आहेत.

पावसाळ्यात जाणारा कोणी हे वाचत असेल तर त्याला वेगळं: जून ते सप्टेंबर एक दिवस आधी मुंबईत. घाटात दरड आणि मुंबईत रुळांवर पाणी, दोन्ही एकाच दिवशी होतं.

नवापूर_नाका

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांसाठी खान्देश एक्सप्रेस आहे, भुसावळहून सुरतमार्गे. बोरिवलीला उतरता येतं, तिथून सहार, म्हणजे टी-२, जवळ. रोज नसते, वार बघून घ्या.

भुसावळ_जंक्शन

बरोबर, तो पर्याय राहिलाच होता.

जळगावच्या विमानाचं विचारलं होतं. कुसुंब्याजवळचं आपलं विमानतळ २०१२ ला झालं, तिथून एटीआर ७२ जातीची पंख्याची विमानं उडतात. मुंबई ३५६ किलोमीटर, हवेत तासाभराच्या आत-बाहेर. दिसायला झकास, पण परदेशी विमानाला जोडून घेताना तीन अडचणी. एक, रोजचं वेळापत्रक नसतं, आणि छोट्या विमानतळावर एक विमान रद्द झालं की त्या दिवशी दुसरं नसतं. दोन, सामान. देशांतर्गत साधारण १५ किलो, अमेरिकेच्या तिकिटावर माणशी दोन बॅगा २३ किलोच्या. वरच्या प्रत्येक किलोचे पैसे. तीन, मुंबईत उतरणार कुठे. टी-१ आणि टी-२ मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर, वाहतुकीत अर्धा-पाऊण तास. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू आहे, त्याचं संक्षिप्त नाव एनएमआय. मुंबईचं बीओएम. तिकिटावर ती तीन अक्षरं वाचा. उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावर, उतरलात तर सहारपर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटर.

विमानच घ्यायचं असेल तर आदल्या दिवशीचं घ्या. त्याच दिवशीचं नको.

बोरीकाठ

मंडळी, तिकीट नेवार्कचं शोधतो, थेटच. १२ ला सकाळी १० ला अमळनेर सोडायचं. १३ ला तिकडे सकाळी सातला उतरणं, इमिग्रेशन नि सामान धरून साडेआठला बाहेर, म्हणजे आपल्याकडे १३ ची संध्याकाळ सात. दारापासून दारापर्यंत ३३ तास, त्यात हवेत साडेपंधरा. बरोबर?

आणि एक राहिलं. आई काळा मसाला, बिबड्या, कळण्याचं पीठ बांधतेय. नेऊ का?

हतनूर

तेहतीस बरोबर. बहिणीच्या घरापर्यंतचा रस्ता वेगळा.

बिबड्या जातात, फक्त चुरा होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात कपड्यांच्या मध्ये. काळा मसाला आणि पीठ हातातल्या बॅगेत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातसामानात असली तर वेगळी तपासणी होते, आणि ती काय आहे ते समाधानकारक कळलं नाही तर तिथेच टाकून देतात. मसाला खाली जाणाऱ्या बॅगेत, दुहेरी पिशवी, वर इंग्रजीत नाव लिहिलेली चिठ्ठी. केळी, ताजी फळं, भाज्या, पेरायचं बी आणि मटणाचं काहीही नको. रावेरची केळी कितीही चांगली असली तरी. उतरल्यावर खाण्याच्या वस्तू आहेत का असं विचारलं की "आहेत" असंच सांगायला लावा. सांगितलेल्या वस्तूची फार तर तपासणी होते, लपवलेल्या वस्तूचा दंड होतो.

बॅगा घरीच वजन करून २२ किलोवर थांबवा. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांत किलो-अर्धा किलोचा फरक निघतो.